टेबलावर बसून पाण्याचा स्पर्शकोन कसा मोजावा

प्लास्टिकच्या फिल्मवर छपाईची शाई धरेल की पोपडे होऊन निघेल, हे आधी सांगणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. काम दिसायला पोरखेळ. फिल्मच्या पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायचा, बाजूने बघायचं आणि थेंबाची कड जिथे पट्टीला टेकते तिथला कोन मोजायचा. कोन पाण्याच्या आतून मोजायचा, बाहेरून नव्हे. हाच स्पर्शकोन. तिथे त्यासाठी गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, होतं. आता घरी टेबलावर मोबाइल आहे आणि इन्सुलिनची सिरिंज आहे. गुळगुळीत पट्टी असेल तर आकडे चार-पाच अंशांच्या आत जुळतात. हौसेपुरतंच काय, कॉलेजच्या प्रकल्पालाही तेवढं पुरे.

आधी एक गैरसमज काढून टाकते. ‘जलविरोधी’ या शब्दामुळे वाटतं की मेण पाण्याला ढकलतं. तसं काही नसतं. मेण पाण्याला ओढतंच, फक्त पाणी स्वतःला त्याहून जोरात ओढतं. थॉमस यंगने १८०५ साली थेंबाच्या कडेवरचा हा ताळमेळ मांडला: हवा, पाणी आणि घन यांच्यातले तीन ताण एकमेकांशी तडजोड करतात आणि त्या तडजोडीतून कोन ठरतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याचं पृष्ठताण असतं ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर. या आकड्याला (१ + कोनाचा कोसाइन) याने गुणलं की पाणी त्या पृष्ठभागापासून सोडवायला किती ऊर्जा लागते ते मिळतं. ११० अंशांचा कोन देणाऱ्या मेणासाठी हे येतं सुमारे ४८ मिलीज्यूल प्रति चौरस मीटर. ७० अंशांचा कोन देणाऱ्या प्लास्टिकसाठी साधारण ९८. म्हणजे ‘विरोधी’ म्हणवणारं मेणसुद्धा त्या प्लास्टिकच्या निम्म्याने पाण्याला धरून असतं. मेणाची पट्टी उभी केली तरी लहान थेंब खाली येत नाही.

मग पृष्ठभागागणिक फरक का पडतो? पाण्याच्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरायला काहीतरी लागतं. नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांत ते मिळत नाही. साखळीत ऑक्सिजन-नायट्रोजनचे गट असतील तर मिळतं: एस्टर असेल तर थोडं, अमाइड असेल तर अजून, आणि हायड्रॉक्सिल गट दाटीने असतील तर भरपूर. त्यामुळे कोनांची उतरती शिडी अशी लागते: पॅराफिन मेण १०५ ते ११० अंश, टेफ्लॉनही ११० च्या आसपास, पॉलिथिन १०० च्या जवळ, पॉलिस्टायरिन ९० च्या आगेमागे, पेट बाटलीचं प्लास्टिक आणि अ‍ॅक्रिलिक ७० ते ८०, नायलॉन त्याच्या जरा खाली, आणि सेलोफेन, म्हणजे सेल्युलोजच, ३० च्याही खाली. ही शिडी पाठ करू नका. पट्ट्या कापा आणि स्वतः उतरून बघा.

सामान

डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं पाणीही चालून जातं, पण मग आकडा चुकला तर दोष कुणाचा ते कळत नाही. नवी इन्सुलिन सिरिंज घ्या, १०० युनिटची. तिच्यावरचं एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, त्यामुळे अर्ध्या युनिटचा थेंब सहज काढता येतो. मात्र या सिरिंजच्या सुईवर आणि नळीच्या आत सिलिकोनचा पातळ लेप असतो, टोचताना आणि दट्ट्या सरकताना त्रास होऊ नये म्हणून. तो थेंबाच्या पृष्ठभागावर तरंगत येऊ शकतो. सुई अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि सिरिंज आठ-दहा वेळा भरून रिकामी करा. काम झालं की टोपण लगेच लावा. मी एकदा नाही लावलं आणि वहीवर रक्ताचा डाग अजून आहे.

ड्रॉपर वापरू नका. त्याचा थेंब ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतो आणि तो स्वतःच्या वजनाने चपटा होतो. पाण्यासाठी ही हद्द आहे २.७ मिलिमीटर: थेंब त्याहून लहान असेल तर पृष्ठताणाचं राज्य, मोठा झाला की गुरुत्वाकर्षण त्याचा माथा दाबू लागतं. ५ मायक्रोलिटरचा थेंब हद्दीच्या आत बसतो.

पट्ट्या: पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा, पेट बाटलीचा सपाट भाग, अ‍ॅक्रिलिकची पट्टी, सेलोफेन. मेणाचा पृष्ठभाग घरी करता येतो. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पॅराफिन वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. स्वच्छ काचेवर ओता, गार होऊ द्या आणि अलगद सोडवा. काचेला लागलेली बाजू वापरा, ती जास्त गुळगुळीत असते. मेणबत्तीत बऱ्याचदा स्टिअरिक आम्ल मिसळलेलं असतं, म्हणून शुद्ध पॅराफिन मिळालं तर बरं.

खरी मेहनत थेंबाच्या आधी

पाणी फक्त सगळ्यात वरचा थर वाचतं. पट्टी मिलिमीटरभर जाड असो की हातभर, थेंबाला त्याचं काही नाही. पटत नसेल तर काचेची पट्टी घ्या, साबणाने घासून खूप वेळ धुवा, इतकं की पाणी तिच्यावर अखंड पडदा धरून राहील. आता तिच्यावर अंगठा टेकवा आणि पुन्हा पाण्यात बुडवून काढा. अंगठ्याच्या ठशावर पडदा फाटतो. कारखान्यात धातू स्वच्छ झाला का हे अजूनही असंच तपासतात. स्टिअरिक आम्लाचा एका रेणूचा थर, जाडी जेमतेम अडीच नॅनोमीटर, काचेला जलस्नेहीची जलविरोधी करून टाकतो.

त्यामुळे पट्टीला मधे बोट नको. कडेने चिमट्याने धरा. मळकी असेल तर पातळ साबणाने धुवा आणि डिस्टिल्ड पाण्याने इतकं खळखळा की कंटाळा येईल. मग पुसू नका, उभी ठेवून वाळवा. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, त्यावर केसासारख्या भेगा पडतात. अ‍ॅसिटोन तर अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिस्टायरिन दोन्ही विरघळवतं.

साबणावर इतका भर देतेय त्याला कारण आहे. एका सकाळी आमच्याकडे आलेली प्रत्येक फिल्म ६० अंश दाखवत होती. हाताखालचा मुलगा म्हणाला, “ताई, आज सगळंच जलस्नेही झालंय, मशीन बिघडलं वाटतं.” मी त्यालाच झापलं, मशीन दोनदा जुळवलं आणि अख्खा माल संशयास्पद म्हणून बाजूला काढायला लावला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पाण्याची पिचकारी बाटली आदल्या संध्याकाळी मीच साबणाने धुतली होती आणि नीट खळखळली नव्हती. साबणाचा अंश पाण्याचं पृष्ठताण निम्म्यावर आणू शकतो. फिल्म ठीक होत्या, पाणीच खोटं होतं. माल ज्यांचा होता त्यांची माफी मागताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून नियम केला: दिवसाचा पहिला थेंब साक्षीदार पट्टीवर. ताज्या मेणाचा तुकडा ठेवायचा. त्यावर १०० च्या वर कोन आला तर पाणी आणि सुई निर्दोष, मग पुढे. नाही आला तर बाकी काहीही मोजू नका.

फोटो आणि हिशेब

पट्टी टेबलाच्या कडेला सपाट ठेवा. मागे ट्रेसिंग पेपर आणि त्याच्या मागे दिवा, म्हणजे थेंब काळ्या सावलीसारखा उठून दिसतो. मोबाइल पट्टीच्या उंचीवर आडवा टेकवा, पुस्तकांच्या ढिगावर. अगदी समपातळीत धरला तर पाया नेमका कुठे ते कळत नाही. एक-दोन अंश वरून पाहिलं की थेंबाखाली त्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि थेंब व प्रतिबिंब जिथे भेटतात ती पायाची रेघ. ही युक्ती मला महिनाभराच्या चुकांनंतर कळली.

सुईच्या टोकावर थेंब लटकवा, हळूच खाली आणून पट्टीला टेकवा आणि सुई वर घ्या. वरून टाकू नका. पडलेला थेंब आधी पसरतो, मग आखडतो आणि भलताच कोन दाखवतो. अर्ध्या मिनिटाच्या आत फोटो घ्या.

फोटो मोठा करून दोनच गोष्टी मोजा: थेंबाची उंची आणि पायाची रुंदी. कोणत्याही एककात, स्क्रीनवर फूटपट्टी धरूनसुद्धा, कारण आपल्याला फक्त गुणोत्तर हवं. लहान थेंब हा गोलाचा तुकडा असतो. उंचीला पायाच्या निम्म्या रुंदीने भागा, उत्तराचा टॅन-इन्व्हर्स घ्या आणि दुप्पट करा. उंची २, पाया ३ असेल तर २ भागिले १.५ म्हणजे १.३३, त्याचा टॅन-इन्व्हर्स ५३, म्हणून कोन १०६. तोंडी अंदाजासाठी: उंची पायाच्या निम्मी तर ९० अंश, ०.२९ पट तर ६०, ०.१३ पट तर ३०, ०.७१ पट तर ११०.

इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. ९० च्या पुढे थेंबाला पोट सुटतं, आणि मोजणारा पायाऐवजी पोटाची रुंदी घेतो. ११० अंशांचा थेंब असेल तर नुकसान तीन-चार अंशांचं, चालून जातं. पण १५० अंशांचा थेंब असा मोजला तर उत्तर १२४ येतं. आकडा विश्वसनीय वाटतो म्हणून कुणी तपासत नाही.

मोबाइलचा कॅमेरा जवळचं धरत नसेल तर दुसरी वाट आहे. पट्टी मोठी आणि अगदी समतल असेल तर तिच्यावर पाणी वाढवत न्या, पाच-सहा सेंटिमीटर रुंद डबकं होईपर्यंत. त्यानंतर पाणी कितीही घातलं तरी ते रुंद होतं, उंच होत नाही. ती उंची म्हणजे ५.४ मिलिमीटर गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. मेणावर ४.३ च्या आसपास भरते, पेटवर ३.३, सेलोफेनवर दीडही नाही. खोली मोजायचा गेज असेल तर हे काम झटपट होतं. घरात असली मोजमापं करायला संकोच वाटत असेल तर अ‍ॅग्नेस पॉकेल्स आठवा: स्वयंपाकघरात एक पत्र्याची कुंडी आणि तराजूला लटकवलेलं बटण घेऊन तिने पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास केला, आणि भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेच्या शिफारशीने तो १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आला.

एकाच पिशवीच्या दोन बाजू

हा प्रयोग मी प्रत्येकाला पहिला करायला सांगते. छापील पॉलिथिनची पिशवी घ्या. छपाई नसलेल्या कोऱ्या भागात, पण छापलेल्या बाजूवर एक थेंब; आतल्या बाजूवर दुसरा. पॉलिथिन तेच, पण बहुधा आत १०० च्या जवळ आणि बाहेर ६० ते ७५. शाई पॉलिथिनला धरत नाही, म्हणून छपाईआधी त्या बाजूवर विजेची ठिणगी-झालर फिरवतात. तिला कोरोना म्हणतात. तिने वरच्या साखळ्यांना ऑक्सिजनचे गट चिकटतात आणि पाण्याला धरायला जागा मिळते. खोली नॅनोमीटरांची, खालचं पॉलिथिन बेखबर.

आता छापलेली बाजू अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या, पुन्हा थेंब. कोन वर चढतो. ठिणगीने तुटलेले, ऑक्सिजन लागलेले छोटे तुकडे पृष्ठभागावर सुटे पडलेले असतात, ते पुसून जातात. फिल्म नुसती पडून राहिली तरी कोन हळूहळू वाढतो. साखळ्या आत वळतात, आणि फिल्म सरकती राहावी म्हणून घातलेली तेलकट द्रव्यं आतून वर येतात. म्हणून आमच्याकडे कोनाशेजारी फिल्मची तारीख लिहिली नसेल तर तो आकडा धरतच नव्हते.

जाताना एक, येताना दुसरा

इथवर मोजलेला कोन हा साधारणपणे थेंबाची कड पुढे सरकत असतानाचा. सुई थेंबात ठेवूनच पाणी परत ओढा. कड लगेच मागे येत नाही. पाया तसाच राहतो, थेंब चपटा होत जातो आणि कोन उतरत जातो. मग अचानक कड सुटते. सुटतानाचा तो कोन म्हणजे मागे सरकणारा स्पर्शकोन. सुई धरून हात थरथरत असेल तर काहीच करू नका: थेंब आपोआप वाळू द्या आणि दर मिनिटाला फोटो घ्या. पाया ज्या फोटोत आकसायला लागतो, तो तुमचा.

साध्या प्लास्टिकवर या दोन कोनांत दहा ते तीस अंशांचा फरक नेहमीचा. फरक जितका मोठा तितकी पट्टी खडबडीत, डागाळलेली किंवा ठिगळठिगळांची. एकच आकडा देणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. थेंब पट्टीवरून घरंगळेल की अडेल, हे कोन किती मोठा यावर नाही, या फरकावर ठरतं.

खडबडीत पृष्ठभाग आणि अळवावरचं पाणी

पॉलिथिनची पट्टी बारीक सँडपेपरने घासा. थेंब आधीपेक्षा फुगीर बसतो. १९३६ साली वेन्झेलने याचा हिशेब दिला: खडबडीतपणा कोनाच्या कोसाइनला गुणतो. क्षेत्र दीडपट झालं तर १०५ चे ११३ होतात आणि ७० चे ५९. म्हणजे जे आहे ते वाढतं. फुगणारा फुगतो, पसरणारा पसरतो. पण घासलेली पट्टी उभी करा. फुगीर थेंब घट्ट चिकटलेला. पाणी खाचांत शिरून बसलंय.

गुळगुळीत पृष्ठभागावर, रसायन कोणतंही असो, कोन १२० च्या पुढे जात नाही. फ्लोरिनचे गट अगदी दाट लावले तरी तिथेच अडतो. टेफ्लॉनची सील-टेप ताणून मोजाल तर जास्त येईल, पण तो टेफ्लॉनचा आकडा नव्हे, ताणलेल्या तंतूंचा. १५० च्या वर जायचं तर थेंबाखाली हवा लागते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली दाखवलं की पाणी फक्त शेंड्यांवर टेकलं आणि बाकी खाली हवा राहिली तर काय होतं. मेणाचा १०५ अंश धरा आणि पाणी दहाव्या हिश्शातच टेकलंय असं समजा; हिशेबाने १५८ येतात.

हे बघायला अळूचं किंवा कमळाचं ताजं पान लागतं. दोन्ही पानांवर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांच्यावर मेणाचे बारीक स्फटिक असतात. कमळाचं हे गुपित बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली तपशिलात मांडलं. पानाचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीवर लावा, वरच्या बाजूला बोट न लावता. आता नेहमीसारखा थेंब टेकवायला जा. तो सुई सोडणारच नाही! सुईची पकड पानापेक्षा जास्त आहे. थेंब मोठा करत न्यावा लागतो, आणि सुटला की जो पळतो तो चिकटपट्टीच्या कडेला जाऊन थांबतो. माझा पहिला चांगला फोटो विसाव्या थेंबाला आला. पान पाण्यात तिरकं बुडवा; ते चांदीसारखं चमकतं, कारण दिसतो तो हवेचा थर. मग अंगठ्याने एक रेघ जोरात घासा आणि पुन्हा बुडवा. चांदीत काळपट पट्टा पडलेला असतो. त्या पट्ट्यावर थेंब ठेवला तर तो निमूटपणे बसून राहतो.

गुलाबाची पाकळीही घेऊन बघा. तिच्यावरही थेंब जवळजवळ गोल राहतो, पण पाकळी उलटी केली तरी सुटत नाही. बाजूने काढलेला फोटो अळूच्या पानासारखाच येतो. पाकळीच्या घड्या मोठ्या असल्यामुळे पाणी त्यांच्यात उतरून धरलं जातं.

कागदाचं थोडक्यात सांगते. टिपकागदावर कोन मोजायला जाऊ नका, थेंब आत जातो. तिथे घड्याळ लावा आणि चकाकी नाहीशी व्हायला किती सेकंद लागले ते लिहा. मातीवाले हेच करतात: सेंद्रिय मेणाने कण माखलेल्या मातीवर थेंब ५ सेकंदांच्या आत मुरला तर माती पाणी घेणारी, तासाभरातही मुरला नाही तर कमालीची जलविरोधी.

वहीत प्रत्येक थेंबासमोर इतकं असू द्या: पट्टी कुठली आणि कोणती बाजू, कशाने धुतली, किती दिवस पडून होती, साक्षीदार मेणावर त्या दिवशी काय आलं, पुढचा कोन, मागचा कोन. एका पट्टीवर पाच वेगवेगळ्या जागी पाच थेंब. एकदा थेंब बसलेल्या जागेवर दुसरा ठेवू नका, वाळताना पहिला तिथे काहीतरी सोडून गेलेला असतो. पाचांतला एक फटकून वेगळा आला तर तो खोडू नका. भिंगातून बघा. बहुतेक वेळा तिथे बोटाचा ठसा निघतो, आणि तो आपलाच असतो.